रांगत गाठलेली अंतिम रेषा

प्रशांत महासागरात हवाई नावाचा बेटांचा एक समूह आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ते एक राज्य होय. ही सारी बेटे ज्वालामुखींनी घडविलेली आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कैलुआ-कोना नावाचे एक गाव आहे. समोर निळाशार समुद्र आणि आसमंतात थिजलेल्या लाव्हारसाची काळी, ओसाड पठारे, असा तेथील देखावा आहे. या गावाचे नाव जगभर झाले, ते एका अत्यंत खडतर शर्यतीमुळे.

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन क्रीडाप्रकारांची मिळून जी शर्यत होते, तिला ‘ट्रायथलॉन’ म्हणतात. २००० साली सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत तिचा प्रथम समावेश झाला. ऑलिंपिकमधील शर्यतीत दीड किलोमीटर पोहावे लागते, ४० किलोमीटर सायकल चालवावी लागते आणि १० किलोमीटर धावावे लागते. परंतु हवाई बेटावरील शर्यत याहून कितीतरी लांब पल्ल्याची आहे. तेथे स्पर्धक प्रथम सुमारे ३.८ किलोमीटर समुद्रात पोहतात. मग सुमारे १८० किलोमीटर सायकल चालवितात. आणि त्यानंतर मॅरेथॉनचे पूर्ण अंतर, म्हणजे ४२ किलोमीटरांहून थोडे अधिक, धावतात. हे सर्व एकाच दिवसात करावयाचे!

या शर्यतीची जन्मकथाही गमतीची आहे. पोहणारा अधिक काटक, धावणारा अधिक काटक, की सायकलस्वार, असा वाद ओआहू बेटावरील खेळाडूंमध्ये रंगला होता. तेथे समुद्रात पोहण्याची, बेटाला सायकलने प्रदक्षिणा घालण्याची आणि मॅरेथॉनची, अशा तीन वेगवेगळ्या शर्यती आधीपासून होत असत. अमेरिकेच्या आरमारातील एक अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी तोड काढली, की या तिन्ही शर्यती एकापाठोपाठ एक घ्याव्यात आणि जो पहिला येईल त्याला ‘आयर्नमॅन’, म्हणजे लोहपुरुष, म्हणावे. फेब्रुवारी १९७८ मध्ये ही शर्यत प्रथम झाली. १५ जण निघाले. त्यांपैकी १२ जणांनी ती पूर्ण केली. १९८१ साली शर्यत ओआहूहून कोना येथे आली.

१९८२ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. त्या वर्षीच्या स्पर्धकांत ज्यूली मॉस नावाची २३ वर्षांची एक विद्यार्थिनी होती. ती काही नावाजलेली खेळाडू नव्हती. पदवीसाठी तिला व्यायाम आणि शरीर यांविषयी एक निबंध लिहावयाचा होता. त्यासाठी स्वतःच अनुभव घ्यावा, या हेतूने ती शर्यतीत उतरली होती. त्या काळी विजेत्यास रोख बक्षीसही मिळत नसे.

सकाळी समुद्रातून ती बाहेर आली आणि सायकलीवर बसली. लाव्हाच्या पठारांमधून जाणाऱ्या त्या रस्त्यावर सावली अशी नाहीच. वर सूर्य तळपतो, खालचा काळा दगड तापतो आणि आडवा वारा सायकलीला ढकलतो. पुढे धावण्यास प्रारंभ झाला, आणि पाहता पाहता ही अननुभवी मुलगी सर्व स्त्रियांच्या पुढे गेली.

परंतु शेवट जवळ आला तसे तिचे शरीर साथ देईना. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो. दीर्घ श्रमांत तो संपत जातो. घामावाटे पाणी आणि क्षारही निघून जातात. वेळोवेळी अन्नपाणी मिळाले नाही, तर पायांतील बळ सरते, तोल जातो आणि मनाची आज्ञा शरीर मानीत नाही. ज्यूलीचे नेमके तसेच झाले. ती चालू लागली, लडखडली आणि कोसळली. हातांचा आधार घेऊन ती उठली, पुन्हा पडली. मदतीला माणसे धावली, तेव्हा तिने त्यांना दूर राहण्याची खूण केली. कारण दुसऱ्याचा आधार घेतला असता, तर ती शर्यतीतून बाद झाली असती.

अंतिम रेषा अवघी काही पावले उरली होती. ज्यूली जमिनीवर पडली होती. इतक्यात कॅथलीन मॅकार्टनी ही दुसरी स्पर्धक तिच्या बाजूने धावत पुढे गेली आणि पहिली आली. अकरा तासांहून अधिक काळ झगडून हातातोंडाशी आलेला विजय असा निसटला! आता ज्यूली तेथेच पडून राहिली असती, तर तिला कोण नावे ठेवणार होते? परंतु ती हात आणि गुडघे टेकून रांगू लागली. रांगत रांगत तिने रेषेवर हात टेकला. दोघींत अंतर होते केवळ २९ सेकंदांचे.

हे दृश्य दूरचित्रवाणीवर असंख्य लोकांनी पाहिले. त्यांच्यात मार्क ॲलन नावाचा एक तरुण होता. त्याच वर्षी तोही कोनाच्या शर्यतीत उतरला. प्रारंभीची काही वर्षे त्याच्या वाट्यास अपयशच आले. पण १९८९ ते १९९५ या काळात त्याने ती शर्यत सहा वेळा जिंकली. पुढे २०१२ साली, ३० वर्षांनंतर, ज्यूली आणि कॅथलीन या दोघी पुन्हा एकाच शर्यतीत उतरल्या.

मुलांनो, या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही, की केवळ जिद्द पुरेशी नसते. शरीराच्या गरजा ओळखून आहार, पाणी आणि सराव यांची तयारी नसेल, तर ऐन वेळी बळ अपुरे पडते. शरीर थांबण्याची खूण करते, तेव्हा ती जाणत्या माणसांना सांगावी. नुसते अंगावर काढणे म्हणजे शौर्य नव्हे. आणि दुसरी ही, की विजय हातचा गेला, तरी अंगीकृत कार्य संपत नाही. पहिला क्रमांक दुसऱ्याच्या बळावरही अवलंबून असतो. हाती घेतलेले काम तडीस नेणे मात्र पुष्कळदा आपल्याच हाती असते. कॅथलीनने शर्यत जिंकली, हा मान तिचाच. पण तिच्यामागून रांगत आलेल्या ज्यूलीलाही जग विसरले नाही.

अभ्यास

१. ‘आयर्नमॅन’ शर्यतीची कल्पना कशी निघाली?
२. ज्यूलीने मदत का नाकारली?
३. दीर्घ श्रमांत शरीराची शक्ती का सरते, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. ‘हातातोंडाशी येणे’, ‘अंगावर काढणे’, ‘तडीस नेणे’ हे वाक्प्रचार वाक्यांत योजा.
५. विजय निसटल्यावरही ज्यूली रांगत पुढे गेली, हे तुम्हांला योग्य वाटते काय? कारणे देऊन दहा ओळी लिहा.