ज्याला उद्याही तोंड दाखवायचंय

अगो मनू, पैसे अजून भरले नाहीस ना? मग बस जरा ओसरीवर. स्पितीची स्वस्त टूर, कुणीतरी फोनवर ठरवून देणारा, आणि आगाऊ रक्कम आज रात्रीपर्यंत पाठवायची. स्पिती मी पाहिलेली नाही. पण मुरुडात पाहुण्यांना दोन खोल्या द्यायला लागून तीस वर्षं होत आली. रात्री नऊला बॅगा घेऊन फाटकाशी उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. "आजी, हे अमुक कॉटेज कुठे आलं?" म्हणून विचारतात. आणि त्या नावाचं घर गावात नसतंच. फोटो असतो, पैसे घेतलेले असतात, फोन बंद असतो. त्यांना पिठलंभात वाढता वाढता जे शिकले, ते तुझ्या कानात घालते.

आधी गाव विचार, मग भाव. मुरुडं दोन आहेत. एक आपलं, दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. दुसरं रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याचं. गावात न राहता गावाच्या नावावर धंदा करणारा इथे हमखास घसरतो. त्याला विचारायचं, "जवळचा किल्ला कोणता हो?" दापोलीला बोलावतोय आणि जंजिरा दाखवतो म्हणाला, की फोन ठेव. आपल्याकडचा किल्ला म्हणजे हर्णैचा सुवर्णदुर्ग. गावातलं देऊळ विचार. दुर्गादेवी म्हणायला हवा. तुझ्या त्या माणसालाही विचार, स्पितीतल्या काझाच्या बस स्टँडवरून तुमच्या घरी चालत कसं यायचं? राहणारा माणूस वाटेतलं दुकान सांगेल, वळण सांगेल. बाकीचे म्हणतील, "लोकेशन पाठवतो."

घाई त्याची असते, आपली नसते. एकदा पुळणीवर एक पोरगा पाहुण्यांच्या मागे लागला होता. सकाळचे अकरा वाजलेले. "भरती चढतेय, आत्ता निघा, नंतर बोट सुटणार नाही. थोडे जास्त द्या, लगेच सोडतो." त्या दिवशी होती अष्टमी. तुझ्या पणजोबांचा हिशेब सोपा होता: तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, पण सहाला भरती म्हणजे बाराला ओहोटी. अकराला पाणी उतरत होतं, आणि हा चढवत होता! मी पाहुण्यांना एवढंच म्हटलं, "चहा घ्या, मग बघू." चहा होईस्तोवर भाव उतरला. तुला तिथी मोजायला नको, पण "आज रात्रीपर्यंतच" म्हणणाऱ्याला "उद्या सकाळी सांगते" एवढं म्हणून बघ. खरा माणूस थांबतो.

देवाच्या हातातल्या गोष्टीची हमी देणारा खोटा. डॉल्फिन "शंभर टक्के दाखवतो" म्हणणारा त्यातलाच. आंजर्ल्याला आणि वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ती बघायला फेब्रुवारी ते एप्रिल लोक लोटतात. घरट्यावर झाकलेली टोपली पहाटे उचलावी आणि खाली नुसती वाळू असावी, असं कितीदा होतं. जाणता माणूस आधीच सांगतो, "दिसलं तर नशीब." पिल्लू हातात घेऊन फोटो काढू देतो म्हणणारा तर तुलाही गुन्ह्यात ओढेल, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्या कासवाला संरक्षण आहे. तुझा तो म्हणतो ना, हिमबिबट्या नक्की दिसेल? तिथेच ओळख.

जे आहे ते दाखवतो, तो वाटाड्या. सुवर्णदुर्गावर नेणारे दोन प्रकारचे. एक भुयाराच्या गोष्टी सांगतो, खजिन्याच्या सांगतो. दुसरा दारातच थांबवतो: पायरीवर कोरलेलं कासव बघा, भिंतीवरचा मारुती बघा. पहिल्याची गोष्ट लांबते तशी बिदागी वाढते. आणि जिथे वाटाड्या लागतच नाही, तिथे घेऊ नको. आसूदच्या केशवराजाला बागांमधून सरळ पायवाट आहे, पूल ओलांडायचा आणि चढायचं. तिथेही "एकटे चुकाल हो" म्हणणारा एखादा भेटतोच.

पैसे तुकड्या-तुकड्यांनी. आगाऊ थोडे, पोचल्यावर थोडे, निघताना उरलेले. काय काय धरलंय, जेवण, गाडी, परवाने, ते मेसेजमध्ये लिहून घे. क्यूआर कोड लावलास की पडद्यावर येणारं नाव वाच. घर एकाचं आणि खातं भलत्याचं, तर हात आखडता घे. "पैसे परत करतो, तुमचा पिन टाका" म्हणाला तर समज, तो देत नाहीये, काढून घेतोय. फसलीसच तर लाजत बसू नको, लगेच 1930 ला फोन कर.

आणि फार घासू नकोस. हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही. बोटवाल्याला डिझेलही सुटणार नाही इतका खाली आणलास, तर तो सहाच्या जागी दहा माणसं भरतो, लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरत नाहीत. चार घरी भाव विचारायचा. एखादा सगळ्यांहून निम्म्याने स्वस्त असेल, तर उरलेला निम्मा कुठून तरी वसूल होणारच.

आता शेवटचं, आणि हे माझंच. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गाडीवाला मला दर पाहुण्यामागे थोडे पैसे द्यायचा. दोन मोसम घेतले मी. गाडी बरी चालवायचा, म्हणून मनाला काही टोचलं नाही. मग एका बाईंनी जाताना सहज विचारलं, "आजी, तुम्हाला यात काही मिळतं का?" मला पटकन उत्तर देता येईना. तेव्हा कळलं, गेले दोन मोसम मी त्याच्या गाडीचे टायरसुद्धा बघितले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून बंद केलं.

म्हणून जो कुणी नाव सुचवील, त्याला हसत हसत हाच प्रश्न विचार. "हो, थोडं मिळतं" म्हणणारा चालेल. गडबडणारा नको. त्या बाई पुढच्या वर्षीही आपल्याकडेच उतरल्या. मला त्यांना तोंड दाखवायचंच होतं. ज्याला उद्या तोंड दाखवायचंय, त्याच्याशीच व्यवहार कर.

चल, लाव फोन त्याला. माझ्यासमोर लाव. आधी बस स्टँडचं विचार.