कूर्बेचा मंडप

१८५५ साली पॅरिस येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी गुस्ताव्ह कूर्बे या फ्रेंच चित्रकाराने १४ चित्रे पाठविली. परीक्षक मंडळाने ११ स्वीकारली. दुसरा कोणी एवढ्यावर संतुष्ट झाला असता. परंतु नाकारलेल्यांत त्याची दोन भव्य चित्रे होती. एक त्याच्या स्वतःच्या चित्रशाळेचे, दुसरे ओर्नां या त्याच्या गावातील एका दफनविधीचे. सुमारे २२ फूट रुंदीच्या या दुसऱ्या पटावर पाद्री, कबर खणणारा, शोकाकुल स्त्रिया असे गावकरी जिवंत माणसांएवढे रंगविलेले होते. एवढा पट देव, राजे व वीर यांच्यासाठीच राखावा, असा त्या काळचा संकेत. तो मान खेडुतांना देणे हाच टीकाकारांना उद्धटपणा वाटला होता.

कूर्बे मोठा मानी, काहीसा बढाईखोरही. त्याने प्रदर्शनाशेजारीच स्वतःचा मंडप उभारून ‘वास्तववाद’ या नावाने सुमारे ४० चित्रे मांडली. प्रेक्षक थोडेच आले. एके दिवशी मात्र ज्येष्ठ चित्रकार दलाक्र्वा तेथे आला आणि नाकारलेल्या त्या चित्रशाळेसमोर बराच वेळ खिळून राहिला. ती उत्कृष्ट कलाकृती आहे, असे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदविले.

आज ही दोन्ही चित्रे पॅरिसच्या ऑर्से या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.