१०० ऑर्डरी, १०१ क्वेरी

प्रश्न : जँगोमध्ये ऑर्डरींच्या यादीचं पान फार हळू उघडतं. डेटाबेस बदलावा का?

उत्तर : मुळीच नको, आधी क्वेरी मोजा. जँगो डीबग टूलबार लावा. यादीची एक क्वेरी आणि टेम्प्लेटमध्ये ग्राहकाचं नाव छापताना दर ओळीला आणखी एक, असं बहुधा दिसेल. ओआरएम हे गुपचूप करतं, म्हणून कोड वाचून ते लक्षात येत नाही. ग्राहक फॉरेन की असेल तर ‘सिलेक्ट_रिलेटेड’ वापरा. जॉइन होऊन सगळं एकाच क्वेरीत येतं. ऑर्डरीतल्या वस्तूंसाठी मात्र ‘प्रीफेच_रिलेटेड’. त्याची वेगळी एकच क्वेरी जाते. पण लूपमध्ये त्या वस्तूंवर पुन्हा ‘फिल्टर’ लावलंत, तर आधी आणलेलं वाया जातं आणि दर ओळीची क्वेरी परत सुरू होते. तिथे ‘प्रीफेच’ ऑब्जेक्टला गाळलेला क्वेरीसेट द्या.