तोडून पुन्हा झाडेच लावली, तरी परवानगी हवी?

प्रश्न : आमच्या गावालगतच्या राखीव जंगलातली मोह, ऐन, तेंदूची झाडे काढून तिथे साग लावणार, असे ऐकतो. झाडांच्या जागी झाडेच येणार, मग केंद्राची परवानगी कशाला? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : कशाला, तर १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमात नेमकी हीच पळवाट बुजवली आहे. कलम २ नुसार नैसर्गिकरीत्या वाढलेली झाडे साफ करून तिथे पुनर्वनीकरण करायचे असेल, तरी राज्य शासनाला केंद्राची पूर्वमंजुरी लागते. २०२३ च्या दुरुस्तीत कायद्याचे नाव बदलले, ही अट राहिली. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार जंगलातली तोड केंद्राने मान्य केलेल्या कार्य आयोजनेप्रमाणेच (वनव्यवस्थापनाच्या आराखड्याप्रमाणेच) व्हावी लागते. आयोजनेत तुमच्या गावालगतच्या वनकक्षात तोड असेल, तर ती बेकायदा म्हणता येणार नाही. पण मोह गेला की फुले, टोळी सारेच गेले. साग ते देत नाही.

गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ खाली ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार आहे. आधी माहिती अधिकारात उपवनसंरक्षकांकडून कार्य आयोजनेतला तुमच्या कक्षाचा भाग आणि मंजुरीपत्र मागवा. मोर्चा वगैरे काढायचा असेल, तर ते नंतर बघा.