गाडीचा ‘डबा’ बदलण्यापूर्वी

सोयाबीन निघू लागले की उज्जैनच्या आसपासच्या खेड्यांतून पिकअप आणि लहान ट्रक पहाटेच्या अंधारातच चिमणगंज मंडीची वाट धरतात. अशा वेळी इंजिन ठणठणीत, टायर नवे, पण पुढचे दिवे मधूनच मालवतात, इंडिकेटर कधी लागतो कधी लागत नाही, वायपर बटण बंद केले तरी फिरतच राहतो, अशी तक्रार हल्ली पुष्कळ घरांतून ऐकू येते. गाडी गॅरेजमध्ये नेली की बहुधा उत्तर मिळते, “बीसीएम गेला, बदलावा लागेल.” हा बीसीएम म्हणजे काय, तो खरोखरच गेला आहे हे कसे ओळखावे, आणि बदलायचाच झाला तर कोणती काळजी घ्यावी, एवढाच आजच्या पाठाचा विषय आहे. वस्तू हजारो रुपयांची आहे, आणि ती बदलूनही दोष तसाच राहिला तर पैसेही जातात व रात्रीच्या रस्त्यावरचा धोकाही कायम राहतो.

टाटांची ४०७ गाडी १९८६ साली आली. त्याच वर्षी इंदूरपलीकडे पिथमपूरला आयशर कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने कँटर बनवावयास आरंभ केला. त्या काळच्या गाड्यांत विजेचे काम सरळ होते. बॅटरीतून तार निघाली, फ्यूजमधून बटणाकडे गेली, बटणातून किंवा एखाद्या रिलेतून दिव्याकडे गेली. दिवा लागला नाही तर तारेच्या मागे मागे जाऊन दोष सापडत असे, आणि ज्याला थोडी समज होती तो शेतकरी हे काम घरीच करी.

योगायोग असा की त्याच १९८६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने ‘कॅन’ नावाची पद्धत अमेरिकेतील डेट्रॉइट येथे जाहीर केली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून गाडीतील निरनिराळे यंत्रभाग परस्परांना निरोप देऊ शकतील, अशी ही योजना. त्यामुळे तारांचे भारे कमी झाले आणि बटण व दिवा यांच्यामध्ये एक डबा येऊन बसला. तोच बॉडी कंट्रोल मॉड्यूल. इंजिनाचा संगणक वेगळा असतो. हा डबा दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, दाराचे कुलूप, काचा, आणि पुष्कळ गाड्यांत चोरीपासून रक्षण करणारी चावीची ओळख, एवढी कामे पाहतो.

हे समजण्यासाठी आपल्या विहिरीवरील मोटरीचा स्टार्टर डोळ्यांसमोर आणावा. हिरवे बटण दाबले म्हणजे मोटरीचा सगळा प्रवाह काही त्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला इशारा देते, आणि कॉइल जाड संपर्क ओढून मोटरीला वीज जोडते. त्यावर ‘ऑटो’ बसविला की वीज आल्यावर मोटर केव्हा सुरू करावी हेही तोच ठरवितो. बीसीएम म्हणजे असे वीस-पंचवीस स्टार्टर आणि त्यांचा एक ऑटो, सगळे मिळून एका डब्यात. आता मोटर चालली नाही तर आपण लगेच नवा स्टार्टर आणतो काय? आधी तिन्ही फेज येतात की नाही ते पाहतो. गाडीच्या डब्यालाही हाच न्याय लावला पाहिजे.

पहिली गोष्ट बॅटरीची. बारा व्होल्टची चांगली बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखविते, इंजिन चालू असता १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर डबा गोंधळतो, वेड्यासारखा वागतो आणि पुढे आपोआप शुद्धीवर येतो. अशा गाडीत दोष बॅटरीचा किंवा तिच्या सैल, पांढरी बुरशी धरलेल्या टर्मिनलचा असतो. (मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, तेथे आकडे दुप्पट धरावेत.)

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि माझ्या मते निम्म्या भानगडींचे मूळ येथेच असते. डब्याची काळी तार चॅसीला किंवा केबिनच्या पत्र्याला एका बोल्टने कसलेली असते. आपल्या काळ्या मातीचा चिखल, त्यावर धुण्याचे पाणी, त्यावर गंज. आठ-दहा वर्षांत त्या बोल्टखाली वीज जावयास वाटच राहत नाही. तपासणी सोपी आहे. पुढचे दिवे लावावेत, मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर व दुसरी डब्याच्या अर्थिंगवर ठेवावी. आकडा ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट यावा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक आला तर बोल्ट सोडवून, पॉलिशपेपरने पत्रा व रिंग चकचकीत घासून पुन्हा कसावे आणि वरून ग्रीस लावावे. या कामाला अर्धा तास पुरतो. एक दिवा लावला असता दुसराच मंद पेटतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, अशी लक्षणे दिसली तर हे काम सर्वांत आधी करावे.

पुष्कळ गाड्यांत हा डबा डॅशबोर्डच्या खाली, चालकाच्या किंवा शेजारच्या माणसाच्या पायाजवळच्या कोपऱ्यात असतो. पुढच्या काचेचे रबर जुने झाले की पावसाचे पाणी आतून ओघळते आणि नेमके तेथे उतरते. पहिल्या पावसानंतर दोष सुरू झाला आणि कडक उन्हात गाडी उभी राहिली की नाहीसा झाला, तर पाण्याचाच संशय धरावा. कपलर सोडवून आत हिरवट किंवा पांढरे दिसते का ते पाहावे. गव्हाच्या कोठाराशेजारी किंवा भुशाच्या ढिगाजवळ गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर उंदरांनी डॅशमध्ये घरटे केलेले असते, आणि दोन तारांवरचे प्लॅस्टिक कुरतडले म्हणजे नवीन डबाही तसाच वागेल.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार चालते, ती म्हणजे वरून जोडलेले सामान. जादा दिवे, मोठा हॉर्न, टेपची मशीन, सगळे मूळ तारेला चिमटा मारून जोडलेले. अलीकडच्या डब्यांत आतले विद्युत-खटके जादा प्रवाह दिसताच तेवढी वाट स्वतःहून बंद करतात. मालकाला वाटते, डबा मेला; वास्तविक त्याने स्वतःला वाचविलेले असते. जोडलेले सामान काढावे, गाडी बंद करून पुन्हा सुरू करावी, पुष्कळदा दिवा परत येतो. तसेच इंडिकेटरला साधा बल्ब काढून एलईडी लावला की तो दुप्पट वेगाने लुकलुकू लागतो. एलईडी प्रवाह कमी घेतो, म्हणून डब्याला बल्ब उडाला आहे असे वाटते. हा बिघाड नव्हेच.

सकाळी बॅटरी उतरलेली आढळते, हे डब्याच्या दोषाचे खरे लक्षण असू शकते. चांगला डबा गाडी बंद झाल्यावर काही वेळाने झोपी जातो. बिघडलेला रात्रभर जागा राहतो. ऋण टर्मिनल सोडवून मधे अँपिअरमीटर घालावा, दारे लावावीत, चावी दूर ठेवावी आणि अर्धा तास थांबावे. प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत यावा. अर्धा अँपिअर जात असेल तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत संपते. मीटर मधे असताना सेल्फ मात्र मारू नये, मीटरचा फ्यूज उडेल. मग एकेक फ्यूज काढून कोणत्या वाटेने वीज जाते ते शोधावे. एक सूचना येथेच देतो. डब्याच्या बारीक तारांत जुन्या पद्धतीचा टेस्टिंगचा बल्ब खुपसू नये, तो प्रवाह जास्त ओढतो. तेथे डिजिटल मीटरच वापरावा.

इतके करून बॅटरी, फ्यूज, अर्थिंग, तारा आणि बटण हे सर्व निर्दोष ठरले, डब्यात बटणाचा इशारा पोहोचतो पण दिव्याकडे वीज बाहेर येत नाही असे मीटरने दिसले, तेव्हाच डबा बिघडला असे म्हणावे. मिस्त्रीकडे स्कॅनर असेल तर दोषांचे क्रमांक कागदावर लिहून मागावेत. निरोपाच्या दोन तारांमध्ये बॅटरी सोडवून मोजले असता सुमारे ६० ओहम यावेत; १२० आले तर एक टोक कोठेतरी तुटले आहे. हा प्रश्न मिस्त्रीला नम्रपणे विचारावा. जाणता असेल तर रागावणार नाही.

आता बदलण्याविषयी. जुन्या डब्यावरचा पार्ट क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, कारण एकाच गाडीच्या निरनिराळ्या नमुन्यांत बाहेरून सारखे दिसणारे डबे आतून वेगळे असतात. जुना डबा बोलता असेल तर काढण्यापूर्वी त्यातील नोंदी स्कॅनरवर उतरवून घ्याव्यात. कपलरांचे फोटो काढावेत. चावी काढून, ऋण टर्मिनल सोडवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. कपलर ओढताना तारेला धरू नये, खटका दाबून कपलरलाच धरावे; पिनांना बोट लावू नये, आणि हातातील स्थिर वीज उतरावी म्हणून आधी उघड्या लोखंडाला स्पर्श करावा.

डबा बसला म्हणजे काम झाले असे नाही, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. नव्या डब्याला ही गाडी कोणती, तिला काय काय बसविले आहे, आणि तिच्या चाव्या कोणत्या, हे स्कॅनरने शिकवावे लागते. घरातील दोन्ही चाव्या घेऊन जाव्यात. एकच नेली तर दुसरी पुढे निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. शिकवणी चालू असता व्होल्टेज पडले तर डबा अर्धवट राहतो आणि कायमचा जातो, म्हणून बॅटरीला चार्जरचा आधार द्यावा. ही सोय गॅरेजमध्ये आहे का, ते पार्ट विकत घेण्यापूर्वी विचारावे. भंगारातला डबा स्वस्त मिळतो हे खरे, पण त्याच्या आठवणीत दुसऱ्याच गाडीच्या चाव्या असतात. तो पुसून नव्याने शिकविता येत नसेल तर इंजिन सुरूच होत नाही, किंवा होऊन बंद पडते. त्यापेक्षा आपलाच जुना डबा चांगल्या कारागिराकडून उघडवून घ्यावा. पुष्कळदा आतला एखादा रिले चिकटलेला असतो किंवा डाक सुटलेला असतो, आणि दुरुस्त केलेल्या डब्याला पुन्हा शिकविण्याची गरज सहसा पडत नाही. जुन्या गाडीसाठी नवा पार्ट मिळेनासा होतो तेव्हा हाच मार्ग उरतो.

डबा बसवून झाल्यावर गॅरेज सोडण्यापूर्वी पुढचे-मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, हॉर्न, वायपर, कुलूप, एकेक करून पाहावे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावी लागते, आणि तेथेही याच गोष्टी पाहतात.

गाडीच्या फाळक्याला किंवा जाळीला वेल्डिंग करावयाचे असेल तेव्हा आधी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवावे आणि वेल्डिंगची अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ लावावी; नाहीतर तो प्रवाह डब्यातून वाट काढतो. शेजारच्या २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टच्या गाडीला जंप कधीही देऊ नये. केबिन धुताना डॅशखाली पाण्याचा झोत मारू नये.

पार्ट यावयास आठ-पंधरा दिवस लागले तर तेवढे दिवस मंडीचा माल उजेड असताना न्यावा, किंवा भाड्याच्या गाडीतून पाठवावा. मागच्या फाळक्यावर लाल परावर्तक पट्टी आजच चिकटवावी. दिवे गेलेली गाडी आगर रोडवर अंधारात कडेला थांबली तरी मागून येणाऱ्याला ती दिसली पाहिजे, आणि त्या पट्टीला ना बॅटरी लागते ना डबा.