कंदील विकायला निघालेल्या नातीला

पोरी, काल फोनवर म्हणालीस, ‘आजोबा, आमच्या एनएसएसच्या पोरापोरींनी दत्तक गावच्या शाळेला पुस्तकांचं कपाट द्यायचं ठरवलंय. देणगी मागायची नाही, आकाशकंदील करून विकायचे.’ मी गालात हसलो. हाच उद्योग मी 1979 साली कोल्हापुरात केला होता आणि चांगला आपटलो होतो. म्हणून चार गोष्टी आधीच कानात सांगतो.

आम्ही शंभर कंदील केले. परीक्षा आटोपून महाद्वार रोडवर पथारी टाकली, ती थेट धनत्रयोदशीला. वसुबारसेलाच घरोघरी कंदील चढलेले. पाडव्याच्या संध्याकाळी 37 कंदील आमच्याकडे बघत होते आणि आम्ही त्यांच्याकडे. म्हणून पहिलं सांगणं तारखेचं. वसुबारसेपासून मागे मोजत ये. घटस्थापनेला कामट्या-कागद घरात हवा आणि दसऱ्याला बोहनी व्हायला हवी. सणाचा माल सण उजाडल्यावर कोणी घेत नाही.

दुसरं, आधी दोनच कंदील कर. ते गॅलरीत टांगून दोन रात्री वाऱ्यात राहू दे. मैद्याची खळ पातळ झाली तर सांधा सुटतो, घट्ट झाली तर कागदाला सुरकुत्या पडतात. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं लागत नाहीत. पण ते विष आहे. पातेलं टाकाऊ घे, हात साबणाने धू आणि लहान पोरांना लांब ठेव. आमच्या पथारीवर एक मावशी आल्या होत्या. त्यांनी कंदील हातातही घेतला नाही, नुसता सांध्यावर अंगठा दाबला. कागद सुटला. मावशी काही न बोलता पुढे गेल्या. तो अंगठा मला अजून दिसतो.

तिसरं भावाचं. इथे सगळी नवी पोरं फसतात. समजा, एका कंदिलाला कामट्या 14 रुपये, कागद 16, खळ-दोरा 3 आणि शेपट्या 5, म्हणजे 38 रुपये. शंभरांचे झाले 3,800. रिक्षा, पिशव्या, टेबलाचं भाडं मिळून आणखी 540. एकूण 4,340. शंभरातले दहा तरी बिघडणार, म्हणजे विकायला उरले 90. ऐंशीने विकलेस तर 55वा कंदील जाईपर्यंत शाळेचा एक रुपयाही सुटत नाही. सगळे 90 खपले तर कपाटाला 2,860 मिळतील. हे आकडे मी अंदाजाने धरलेत, खरे तू बाजारात विचारून घाल. पण ‘कितवा कंदील आपला’ हे ठाऊक असल्याशिवाय पथारी टाकू नकोस.

आणि तुमचे हात फुकट धरू नकोस. एनएसएसच्या डायरीत तास लिहिताच, दोन वर्षांत 240 भरायचे असतात. कंदिलाला लागलेले तास हिशेबाच्या वहीतही उतरव, त्यांची मजुरी वेगळ्या रकान्यात मांड. मजुरी कुणी घ्यायची नाही. पण उद्या शाळेतल्या मुलांच्या आयांनीच हे काम घ्यायचं म्हटलं, तर त्यांचं पोट त्यावर भरेल का, हे तो रकाना सांगेल.

चौथं, पैसा. भांडवलासाठी एनएसएस युनिटच्या अनुदानाला हात लावायचा नाही. तुम्ही वीस जण आहात, प्रत्येकी 220 घाला. विक्रीतून आधी ते ज्याचे त्याला परत करा, मग नफा मोजा. गल्ला दोघांनी मोजायचा, तिसऱ्याने रोजमेळ लिहायचा, तोही त्याच रात्री. क्यूआर कोड कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारून युनिटच्या खात्याचा लावा. एखाद्या पोराच्या खात्यात पैसे गेले की पोरगा प्रामाणिक असला तरी कुजबुज होतेच. कुणी हौसेने शंभर जास्त दिले, तर ती देणगी. तिला वेगळी पावती. तिने विक्रीचा तोटा झाकायचा नाही.

श्रमाने पैसा उभा करताना लाजायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तेच ‘कमवा आणि शिका’ म्हणत. पण कष्ट केले म्हणून माल आपोआप चांगला होत नाही. ‘गरीब शाळेसाठी आहे, घ्या ना’ हे वाक्य तोंडात येऊ देऊ नकोस. आम्ही दिवसभर तेच म्हणत होतो. त्याने पहिला कंदील जातो. शेजारणीला सांगून दुसरा विकला जायचा, तर तो सांध्यावरच जातो. दिवेलागणीला एक कंदील आत एलईडी लावून पेटता ठेव. विझलेल्या कंदिलाचा रंग कुणाला कळतो? शाळेची पाटी बाजूला असू दे, विचारलं तर सांग.

एनएसएस सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. ‘नॉट मी बट यू’ हे तिचं ब्रीद आम्ही शिबिरात घसा फोडून ओरडायचो आणि बाजारात विसरायचो. परीक्षा आमची, म्हणून तारीख आमच्या सोयीची. कळवळा आमचा, म्हणून घ्यायचं गिऱ्हाइकाने. त्यांच्या घरी कंदील कधी चढतो, किती दिवस टिकायला हवा, हे आम्ही कुणालाच विचारलं नाही. ते ब्रीद दुकानदाराचंही आहे, हे मला 37 कंदील घरी आणताना उमगलं.

दिवाळीनंतर हिशेब कॉलेजच्या फलकावर लाव. तोटा आला तरी लाव, बिघडलेले दहाही लिही.

माझ्यासाठी एक कंदील बाजूला ठेव. दसऱ्याला येईन, आधी सांध्यावर अंगठा दाबून बघेन. टिकला तर पूर्ण भावाने घेईन. आजोबा म्हणून सूट नको आणि उधारी तर मुळीच नको.