डिझेल मोटारीच्या हवेच्या पाकळ्या : काढाव्या कीं बदलाव्या ?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या खेड्यापाड्यांतून डिझेलवर चालणाऱ्या मोटारी पुष्कळ आल्या आहेत. त्यांतील बऱ्याचशा मुंबई-पुण्याकडील लोकांनीं वापरून विकलेल्या असतात. अशी गाडी घेतांना आपण तिच्या काट्यावरील किलोमीटरचा आंकडा पाहतों, रंग पाहतों, टायर पाहतों आणि सौदा करतों. इंजिनांत हवा नेणाऱ्या वाटेवर ज्या लहानशा पाकळ्या बसविलेल्या असतात, त्यांची चौकशी कोणी करीत नाहीं. आम्हींही केली नव्हती. त्यामुळें जें घडलें तें प्रथम सांगून, मग ह्या पाकळ्यांविषयीं माहिती देण्याचें योजिलें आहे.

आमचा पुतण्या मुंबईस डिलाईल रोडवर राहतो. सरकारी दप्तरांत ह्या रस्त्यास आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. परंतु गिरण्यांच्या दिवसांत ज्यांच्या घरचीं माणसें तेथील चाळींतून राहिलीं, ते लोक अजून डिलाईल रोडच म्हणतात. लोअर परळ स्टेशनाजवळ रेल्वेवरून जाणारा ह्या रस्त्याचा जुना पूल धोक्याचा ठरून जुलै २०१८ मध्यें वाहनांस बंद झाला, व नवा पूल पूर्णपणें खुला होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडला. मधल्या पांच वर्षांत आसपासच्या रस्त्यांवरून मोटारी मुंगीच्या पावलांनीं सरकत. पुतण्याची डिझेल मोटार ह्याच काळांत तेथें चालली. तिच्या काट्यावर अवघे अडतीस हजार किलोमीटर भरले होते. आमच्या गांवच्या एका बागायतदारांनीं उसाच्या बिलांतून ती विकत घेतली, आणि ती आमच्या शब्दावर घेतली. "गाडी फारशी चाललेली नाहीं," असें आम्हींच त्यांस सांगितलें होतें.

सहा महिन्यांत गाडी घाट चढतांना दम टाकूं लागली. उभी असतांना थरथरे, निघतांना काळा धूर सोडी. तालुक्याच्या एका मिस्त्र्यानें सांगितलें, "पाकळ्या काढून फेका, म्हणजे मिटलें." बागायतदार आमच्याकडे येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, आपण म्हणालां गाडी कमी चालली आहे. मग ही दमली कशानें ?" ह्या प्रश्नास आम्हांपाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. तें शोधण्यांत जें कळलें तें पुढें देत आहों.

पाकळीचें काम

विहिरीवरील डिझेल इंजिन आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. हवा आंत ओढावयाची, ती दाबून तापवावयाची, आणि तापलेल्या हवेंत तेलाचा फवारा सोडून त्याचा भडका करावयाचा, हें रुडॉल्फ डिझेल यांचें तत्त्व होय. त्यांचें इंजिन जर्मनींत ऑग्सबुर्ग येथें १८९७ मध्यें यशस्वी ठरलें. आजची मोटार त्याच तत्त्वावर चालते. ह्या इंजिनांत ठिणगी नसते. म्हणून तेलाचे कण हवेंत नीट मिसळणें ह्यावरच सर्व कांहीं अवलंबून असतें. कढींत पीठ नुसतें टाकलें तर गुठळ्या होतात, पळी गोल फिरवीत टाकलें तर तें एकजीव होतें. तीच गोष्ट येथें. हवा गोल फिरली पाहिजे.

इंजिन वेगांत असतां हवा जोरानें आंत येते व चांगली घुसळते. मंद चालींत ती सुस्त येते. दर मिनिटास ८०० फेऱ्यांवर एका सिलिंडरास हवा ओढून घेण्यास सुमारें ३७ सहस्रांश सेकंद मिळतात, तर ४००० फेऱ्यांवर साडेसातच. इतक्या भिन्न चालींस एकच वाट सारखी उपयोगी पडत नाहीं. म्हणून कांहीं इंजिनांत प्रत्येक सिलिंडरास हवेच्या दोन वाटा ठेवून त्यांपैकीं एकींत पाकळी बसवितात. मिस्त्री तीस स्वर्ल फ्लॅप म्हणतात. मंद चालींत पाकळी मिटते, सर्व हवा दुसऱ्या वाटेनें घुसते व भोवऱ्यासारखी फिरते. पाटाचें एक दार लावलें असतां दुसऱ्या दारांतून पाणी जोरानें धांवतें, तसेंच हें. वेग वाढला कीं पाकळी उघडते व दोन्ही वाटांनीं भरपूर हवा मिळते. सर्व पाकळ्या एका दांडीनें जोडलेल्या असून, ती दांडी हवेच्या ओढीवर चालणारी डबी किंवा लहान विजेची मोटर फिरविते. ज्या नळकांड्यांत हें सर्व असतें त्यास मॅनिफोल्ड म्हणतात. सर्वच डिझेल मोटारींस ह्या पाकळ्या नसतात. आपल्या गाडीस आहेत किंवा नाहींत हें सुट्या भागांच्या यादीवरून आधीं ठरवावें.

पाकळी कां बिघडते

पाकळीचा शत्रू काजळी आहे. धुराचा उपद्रव कमी व्हावा म्हणून आजच्या इंजिनांत जळलेल्या वायूचा कांहीं भाग पुन्हां हवेच्या वाटेंत सोडतात; हें काम ई. जी. आर. नांवाचा व्हॉल्व्ह करितो. त्या वायूंत काजळी असते. इंजिनाच्या पोटांतील तेलाची वाफही त्याच वाटेनें येते. दोहोंचा मिळून डांबरासारखा लेप होतो व पाकळ्या त्यांत रुततात. मोटर किंवा डबी ओढीत राहते, पाकळी हलत नाहीं, आणि शेवटीं दांडीचा सांधा झिजतो, निसटतो किंवा तुटतो.

हलक्या भारावर व मंद चालींत हा लेप अधिक धरतो. येथें आमच्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें. अडतीस हजार किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर ताशीं पन्नासच्या चालीनें कापले तर इंजिन ७६० तास चालतें. तेच ताशीं दहाच्या चालीनें कापले तर ३,८०० तास, म्हणजे पांचपट. आपल्या ट्रॅक्टरवर तासांचा काटा असतो व आपण तेलही तासांवरून बदलतों. मोटारीच्या काट्यावर बहुधा केवळ अंतर दिसतें. डिलाईल रोडवरची ती गाडी थोडी धांवली होती, पण फार वेळ चालली होती. सात-बाराचा उतारा डोळ्यांत तेल घालून वाचणारे आम्ही, येथें एकच रकाना वाचून मोकळे झालों.

पाकळी तुटल्यास काय होतें

रुतलेली पाकळी त्रास देते; सुटलेली पाकळी इंजिनाचा नाश करिते. बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या एम ४७ व एम ५७ ह्या जुन्या डिझेल इंजिनांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांतील पाकळ्या धातूच्या असून बारीक स्क्रूंनीं आंसास जोडलेल्या होत्या. स्क्रू किंवा पाकळी सुटून सिलिंडरांत ओढली गेली म्हणजे व्हॉल्व्ह वांकतात, पिस्टन फुटतो, व तुकडे धुराच्या वाटेनें टर्बोपर्यंत पोंचतात. मुठींत मावणारा जिन्नस आणि नुकसान सबंध इंजिनाचें. म्हणून त्या इंजिनांच्या पाकळ्या काढून भोंकांस धातूच्या चकत्या बसविण्याचा प्रघात पडला. "पाकळ्या काढून फेका" हा सल्ला मुळांत तेथून आला. तो सर्व गाड्यांस सारखा लागू नाहीं.

काढाव्या कीं बदलाव्या ?

आमच्या मतें क्रम असा असावा :

(१) प्रथम संगणकावर दोषांक पाहावा. पी २००४ म्हणजे पाकळ्या उघड्या अडकल्या, पी २००६ म्हणजे मिटलेल्या अडकल्या, पी २०१५ म्हणजे त्यांच्या स्थितीचा निरोप चुकीचा येतो. परंतु दोषांक दिसला म्हणून लागलीच मॅनिफोल्ड बदलूं नये. रबरी नळी चिरली असल्यास किंवा दांडी निसटली असल्यास काम थोडक्यांत होतें.

(२) पाकळ्या केवळ रुतल्या असून आंस घट्ट असेल, तर मॅनिफोल्ड उतरवून साफ करावा.

(३) आंस खिळखिळा असेल, स्क्रू हलत असेल, सांधा झिजला असेल, तर बदलावें. पुष्कळ इंजिनांत पाकळ्या सुट्या मिळत नाहींत, संपूर्ण मॅनिफोल्ड घ्यावा लागतो. खर्च जड वाटतो. परंतु इंजिनाच्या किंमतीशीं ताडून पाहावा.

(४) चकत्या बसविण्याचा मार्ग जुन्या, धातूच्या पाकळ्यांच्या इंजिनांपुरता समजावा. त्यानें तुटण्याची भीति जाते, पण मंद चालींतील ओढ थोडी कमी होऊन काजळी वाढते. ज्या गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळीची गाळणी आहे, तेथें हा भार गाळणीवर पडतो. विजेच्या मोटरीचें इंजिन असल्यास संगणक तक्रार करीत राहतो, आणि मग त्यास गप्प करण्याचे उद्योग सुरू होतात. प्रदूषणाची मर्यादा मोडणारें वाहन रस्त्यावर चालविणें हा मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १९० (२) प्रमाणें गुन्हा आहे. दाखल्याची धूरचांचणी गाडी उभी करून, भाराशिवाय होते; तेवढ्यावरून आपला धूर शेजाऱ्याच्या नाकांत जात नाहीं असें मानूं नये.

कामाच्या वेळची दक्षता

काम जाणत्या मिस्त्र्याकडूनच करवावें, पण मालकानें समोर उभें राहून पुढील गोष्टी पाहाव्या. इंजिन थंड असावें व बॅटरीची तार सोडलेली असावी. तेलाच्या उच्च दाबाच्या नळ्या इंजिन चालू असतां कदापि ढिल्या करूं नयेत. त्यांतील धार कातडींतून आंत शिरते. मॅनिफोल्ड उतरविण्यापूर्वीं भोंवतालची धूळ साफ करावी, आणि उतरवितांच इंजिनाच्या उघड्या तोंडांत स्वच्छ फडकीं बसवून तीं मोजून ठेवावींत. पाकळ्या व स्क्रूही मोजावे. एकही तुकडा कमी भरल्यास तो सांपडेपर्यंत इंजिन चालूं करूं नये. सिलिंडरांत नळीचा कॅमेरा घालून पाहावें. काजळी इंजिनावर ठेवून खरडूं नये, मॅनिफोल्ड बाहेर नेऊन धुवावा व पूर्ण वाळवावा. गॅस्केट नवें घालावें व बोल्ट कंपनीनें दिलेल्या मापानेंच आंवळावे. शेवटीं ई. जी. आर. व तेलाच्या वाफेची वाट साफ करावी. नाहीं तर बांध घातला पण फुटलेली मोरी तशीच ठेवली, असें होईल.

बागायतदारांच्या गाडीचा मॅनिफोल्ड आमच्या देखत उतरविला. चार पाकळ्यांपैकीं दोन काजळींत पुरत्या रुतल्या होत्या, तिसरीचा आंस बोटानें हलत होता, चौथी तेवढी धड होती. मॅनिफोल्ड नवा घातला व ई. जी. आर. साफ केला. गाडी आतां घाट नीट चढते. खर्चाचा अर्धा वांटा आम्हीं उचलला. ते नको म्हणत होते, पण शब्द आमचा होता.

असो. शेतकरी बंधूंस विनंति इतकीच कीं, शहरांतील जुनी डिझेल मोटार घेतांना ती किती चालली एवढेंच न विचारतां कोठें चालली व कशी चालली, हेंही विचारावें. सौद्यापूर्वीं दोषांक पाहावे, पाकळीची दांडी हलते कीं नाहीं तें पाहावें, आणि गाडी एकदां चढावर नेऊन पाहावी. आणि दुसऱ्यास गाडीची शिफारस करणें झाल्यास, आधीं आपण स्वतः तिचें झांकण उघडून पाहिलें आहे काय, हें मनाशीं विचारून मगच तोंड उघडावें.